कोर्टाच्या कागदावरचे इंग्रजी कसे वाचाल?

“समन्स आलंय, आता अटक होणार का?” “स्टे मिळाला म्हणजे केस जिंकली ना?” “मोबाइलवर डिस्पोज्ड असं दिसतंय, म्हणजे दावा फेटाळला का?” कोर्टाचे कागद मराठीत करून देण्याच्या कामात हे तीन प्रश्न मी इतक्यांदा ऐकले आहेत की, शेवटी ठरवले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे.

राज्यातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. व्यवहारात तालुक्याच्या कोर्टातही वकिलाची नोटीस, बँकेचा कागद, संकेतस्थळावरची नोंद इंग्रजीत हाती पडते. म्हणून शब्द शिकायला हवेतच. पण ते ए पासून झेडपर्यंत पाठ करण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात जो कागद आहे, त्यापासून सुरुवात करा.

आधी तीन प्रश्न, मग शब्द

कागद कितीही लांब असो, पहिल्यांदा एवढेच शोधा:

- हा कोणी पाठवला? कोर्टाने, पोलिसांनी, की समोरच्याच्या वकिलाने? वकिलाची नोटीस हा कोर्टाचा हुकूम नव्हे. तरी तिला उत्तर न देणे महागात पडू शकते.
- मला काय करायला सांगितले आहे? इथे क्रियापद शोधा. ‘अपिअर’ म्हणजे हजर राहा, ‘फाइल’ म्हणजे दाखल करा, ‘प्रोड्यूस’ म्हणजे कागद किंवा वस्तू आणून दाखवा, ‘शो कॉज’ म्हणजे कारण सांगा.
- कधीपर्यंत? ‘ऑन ऑर बिफोर’ असेल तर ती तारीखही धरून. ‘विदिन फिफ्टीन डेज ऑफ रिसीट’ असेल तर कागद हाती पडल्यापासून पंधरा दिवस, कागदावर छापलेल्या तारखेपासून नव्हे.

दिवाणी समन्स समोर ठेवून पाहा. त्यात ‘इन पर्सन ऑर बाय प्लीडर’ असे शब्द सापडतील. म्हणजे स्वतः या किंवा वकील पाठवा. खाली ‘डिफॉल्ट’ हा शब्द असतो, म्हणजे कसूर केलीत तर. आणि त्यापुढे ‘इन युअर अ‍ॅब्सेन्स’, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत दावा चालेल. एवढे तीन तुकडे उमगले की समन्सचा बाऊ निम्मा ओसरतो. समन्स म्हणजे बोलावणे. पकडून आणण्याचा हुकूम म्हणजे वॉरंट. त्यातही ‘बेलेबल’ वॉरंट असेल तर जामीन देऊन सुटता येते, ‘नॉन बेलेबल’ असेल तर पोलीस धरून कोर्टापुढे उभे करतात. समन्सकडे दुर्लक्ष केले की पुढचा कागद बहुधा वॉरंटचा असतो.

पोलीस ठाण्यात ऐकू येणारे शब्द

गुन्हा ‘कॉग्निझेबल’ म्हणजे दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवला जातो आणि त्याला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. ‘नॉन कॉग्निझेबल’ म्हणजे अदखलपात्र असेल तर नुसती एनसी होते. “आम्ही केस केली” असे म्हणणाऱ्या पुष्कळांच्या खिशात प्रत्यक्षात एनसीचा कागद असतो, आणि पोलीस काहीच करत नाहीत म्हणून ते महिनोन् महिने चिडलेले असतात. एनसीत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून कागद हातात घेतल्याबरोबर वर काय छापले आहे ते बघा.

इथले तुमचे हक्क थोडक्यात:

- फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते.
- हद्द आमची नाही, हे कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो आणि तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो.
- इलेक्ट्रॉनिक मार्गाने फिर्याद पाठवली असेल तर तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते.
- ठाण्याने नोंद घ्यायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.
- साक्षीदार म्हणून बोलावणे आले असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींना ठाण्यात जाण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते.
- तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या ‘स्टेटमेंट’वर सही घ्यायची नसते, असे कायदाच सांगतो. एफआयआरवर मात्र फिर्यादीची सही लागते. या दोहोंची गल्लत करू नका.

तपास संपला की ‘चार्जशीट’ म्हणजे दोषारोपपत्र कोर्टात जाते. नाहीतर महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या भाषेत ‘समरी’ जाते. शब्द साधा, पण ए, बी आणि सी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘बी समरी’ म्हणजे फिर्याद खोटी, तीही मुद्दाम दिलेली. ‘सी समरी’ म्हणजे खरेही नाही, खोटेही नाही, गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली फिर्याद. तुमच्या फिर्यादीवर बी समरी पाठवली गेली असेल तर गप्प बसू नका. ती मान्य होण्याआधी कोर्ट तुम्हाला नोटीस काढते आणि तुम्हाला विरोध नोंदवता येतो.

अटक, कोठडी आणि ‘जामीन’ या शब्दाचा घोळ

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. पहिलीत माणूस पोलिसांच्या ताब्यात, दुसरीत तुरुंगात. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते.

‘ग्राउंड्स ऑफ अरेस्ट’ हे शब्द लक्षात ठेवा, म्हणजे अटकेची कारणे. ती लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितले. अटकेच्या वेळी लेखी देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, हजर करण्यापूर्वी निदान दोन तास आधी लेखी द्यायची. तेव्हा इंग्रजी कागद पुढे करून “सही करा” म्हटले गेले, तर “मला मराठीत द्या” हे म्हणणे उद्धटपणाचे नाही.

आता जामीन. आपण मराठीत सुटकेलाही जामीन म्हणतो आणि हमी देणाऱ्या माणसालाही जामीन म्हणतो. इंग्रजीत हे वेगळे शब्द आहेत. सुटका म्हणजे ‘बेल’, हमी देणारा ‘श्युअरिटी’, आणि स्वतःचाच लेखी जातमुचलका म्हणजे ‘पर्सनल बाँड’. ‘बेल ग्रँटेड’ ऐकून घरचे पेढे आणायला धावतात, आणि आदेशातली ‘वन सॉल्व्हंट श्युअरिटी’ ही अट वाचतच नाहीत. सॉल्व्हंट म्हणजे ऐपतदार. तो जामीनदार कागदपत्रांसह उभा राहीपर्यंत माणूस तुरुंगातच राहतो.

‘नॉन बेलेबल’ या शब्दाचाही अकारण धसका घेतला जातो. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ नाही. बेलेबल गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, ठाण्यातूनही मिळतो. नॉन बेलेबलमध्ये तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवते, एवढाच फरक. अटकेपूर्वीच मागायचा तो ‘अँटिसिपेटरी बेल’, अटकपूर्व जामीन. आणि ‘डिफॉल्ट बेल’ म्हणजे पोलिसांनी गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दिले नाही, म्हणून मिळणारा जामीन. इथे कसूर पोलिसांची असते. पण तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तोही दोषारोपपत्र येण्याआधी.

नोकरीच्या अर्जातला सापळा

भरतीच्या पडताळणी नमुन्यात लागोपाठ प्रश्न येतात: कधी ‘अरेस्टेड’ होता का? ‘प्रॉसिक्युटेड’? ‘कन्व्हिक्टेड’? कॉलेजातल्या मारामारीच्या केसमधून सुटलेला मुलगा तिन्ही रकान्यांत ‘नो’ लिहितो, कारण त्याच्या लेखी तो निर्दोष आहे. कन्व्हिक्टेडला ‘नो’ हे बरोबर. पण त्याच्यावर खटला चालला होता, म्हणून प्रॉसिक्युटेडला ‘येस’ लिहायला हवे. अशी माहिती दडवली म्हणून नोकरी जाऊ शकते. लपवलेली गोष्ट किती गंभीर होती हे पाहून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. पण त्या वादात सापडण्यापेक्षा रकाना नीट भरलेला काय वाईट?

सुटकेचे शब्दही निरनिराळे आहेत. आरोप ठेवण्याआधीच पुराव्याअभावी सोडले तर ‘डिस्चार्ज’. खटला चालून सुटला तर ‘अ‍ॅक्विट’. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला तर ‘क्वॉश’. तडजोडीने मिटला तर ‘कंपाउंड’. अर्जात लिहिताना तुमच्या आदेशात यांतला जो शब्द असेल तोच लिहा.

ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त फसवतात

लोक लॅटिन शब्दांना घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे. ‘साइन डाय’ (पुढची तारीख न देता तहकूब) दिसले की माणूस कोणाला तरी विचारतो. ‘सेव्ह’ दिसले की विचारत नाही, कारण तो शब्द शाळेत शिकलेला असतो. आणि तिथेच चुकतो. कायद्याच्या मजकुरात ‘सेव्ह अ‍ॅज अदरवाइज प्रोव्हायडेड’ म्हणजे ‘अन्यथा तरतूद असेल ते खेरीज करून’. वाचवण्याचा तिथे संबंध नाही. असे आणखी काही शब्द:

- लीव्ह: रजा नव्हे, परवानगी. ‘विथ द लीव्ह ऑफ द कोर्ट’ म्हणजे कोर्टाच्या परवानगीने. भाड्याच्या करारातल्या ‘लीव्ह अँड लायसन्स’मधला लीव्हही तोच.
- सर्व्हिस: बजावणी. ‘सर्व्ह्ड’ म्हणजे समन्स बजावले गेले, ‘अनसर्व्ह्ड’ म्हणजे परत आले.
- कन्सिडरेशन: विचार नव्हे, मोबदला. खरेदीखतात हा शब्द आला की पुढचा आकडा तपासा.
- एक्झिक्यूट: दस्ताच्या बाबतीत सही करून दस्त करून देणे, हुकूमनाम्याच्या बाबतीत अंमलबजावणी, आणि फौजदारीत फाशी. एकाच शब्दाची इतकी निरनिराळी कामे पाहून मलाही सुरुवातीला घाम फुटला होता.
- प्रेअर: प्रार्थना नव्हे, दाव्याच्या शेवटी केलेली मागणी. दुसऱ्याचा दावा वाचायचा तर मी आधी हेच पान उघडतो.
- इश्यू: कोर्टाने काढलेला वादाचा मुद्दा. वारसाच्या कागदात मात्र ‘विदाउट इश्यू’ म्हणजे निःसंतान.
- सेंटेन्स: शिक्षा. ‘कन्व्हिक्शन’ म्हणजे दोषी ठरवणे. दोन्ही वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘कन्करंटली’ असेल तर सर्व शिक्षा एकाच वेळी भोगायच्या, ‘कन्सेक्युटिव्हली’ असेल तर एकीमागून एक.
- एक्स पार्टी: यात पार्टी वगैरे काही नाही. एकतर्फी.
- विदाउट प्रेज्युडिस: आमचे इतर हक्क अबाधित ठेवून. तडजोडीच्या पत्रावर हे शब्द असतील तर ते पत्र म्हणजे कबुली समजू नका.

गोव्यात वडिलोपार्जित मालमत्ता असणाऱ्यांसाठी एक जादा शब्द, ‘इन्व्हेंटरी’. दुकानातल्या मालाची यादी नव्हे. तिथल्या वारसा कायद्यात मयताच्या मालमत्तेची मोजदाद करून ती वारसांमध्ये वाटण्याची ही कोर्टातली प्रक्रिया आहे. तिची नोटीस मुंबई-पुण्याच्या पत्त्यावर आली तर रद्दीत टाकू नका.

शब्दकोशात न सापडणारे कोर्टातले इंग्रजी

आपल्या कोर्टांत असेही शब्द चालतात जे लंडनच्या वकिलाला कळणार नाहीत. ‘से’ हा त्यातला पहिला. समोरच्याने अर्ज दिला की कोर्ट त्यावर लिहिते, ‘अदर साइड टु से’. आपण ‘म्हणणे’ दाखल करतो ना, त्याचेच हे इंग्रजी. “से दिला का?” असे वकिलांनी विचारले तर तुमचे लेखी म्हणणे दाखल झाले का, असा तो प्रश्न असतो. ‘एक्झिबिट’ म्हणजे निशाणी. दिवाणी दाव्यात निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. पक्षकारांच्या तोंडी ‘स्टे’ येतो तो बहुतेक वेळा याच अर्जावरचा. तो मिळणे म्हणजे दावा जिंकणे नव्हे. निकाल लागेपर्यंत आहे ते तसेच ठेवा, इतकाच त्याचा अर्थ.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस पाहायची तर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लागतो. महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात एमएच या अक्षरांनी होते. तिथे दिसणारी लघुरूपे:

- आरसीएस: रेग्युलर सिव्हिल सूट, म्हणजे नियमित दिवाणी दावा.
- आरसीसी आणि एससीसी: फौजदारी खटले. चेक न वटल्याच्या केसेस बहुधा एससीसीत दिसतात.
- आरसीए: दिवाणी अपील.
- आरडी: रेग्युलर दरखास्त. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीची. इंग्रजी लघुरूपात दडलेला आपला जुना शब्द!

टप्प्याच्या रकान्यात ‘अनरेडी’ दिसले तर घाबरू नका. केस त्या टप्प्यासाठी अजून तयार नाही, कुणाची तरी बजावणी किंवा म्हणणे बाकी आहे. ‘डिस्पोज्ड’ म्हणजे फक्त निकाली निघाली. कोणाच्या बाजूने, ते शेजारी बघा. ‘डिक्रीड’ म्हणजे दावा मंजूर, ‘डिसमिस्ड’ म्हणजे फेटाळला, ‘कॉम्प्रोमाइज्ड’ म्हणजे तडजोड. ‘डिसमिस्ड इन डिफॉल्ट’ असेल तर कसूर तुमची, तारखेला हजर नव्हता म्हणून दावा काढून टाकला. तो पुन्हा फायलीवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्याच्या अर्जालाही तेवढीच.

कलमांचे जुने आकडे सोडा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. फसवणुकीचे ४२० आता न्याय संहितेचे ३१८(४) झाले. खुनाचे ३०२ आता १०३. नव्या संहितेत ३०२ शोधाल तर धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा सापडेल. सर्वात मोठी गंमत ४८२ची. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२खाली लोक गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्याची तरतूद ५२८मध्ये गेली. त्यामुळे कागदावर कलमापुढे बीएनएस (न्याय संहिता), बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता) की आयपीसी (जुनी दंड संहिता) लिहिले आहे ते आधी वाचा. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागतात, म्हणून दोन्ही आकडे अजून बरीच वर्षे ऐकू येतील.

शब्द डोक्यात कसे राहतील?

एक वही करा आणि तिच्यात फक्त स्वतःच्या कागदांतले शब्द उतरवा. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहू नका, ‘मला काय करावे लागले’ ते लिहा. ‘अ‍ॅडजर्न्ड: तारीख पुढे गेली, १४ तारखेला परत यायचे’, असे. तारखेला गेलात की वकिलांनी उच्चारलेला एक नवा शब्द विचारून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे आणि चांगला वकील त्याला कंटाळत नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहा. त्यातले काही प्रतिशब्द जड आहेत आणि कोर्टाच्या आवारात ते कोणी बोलत नाही, तरी अर्थाची खात्री करायला उपयोगी पडतो. मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका. ‘सूट’चे कपडे आणि ‘बार’ची दारू व्हायला वेळ लागत नाही.

सही करण्यापूर्वी

इंग्रजी शपथपत्राच्या शेवटी बहुधा एक ओळ असते, की मजकूर मला माझ्या भाषेत वाचून व समजावून सांगितला आणि तो बरोबर आहे. प्रत्यक्षात कोणी काही वाचून दाखवलेले नसते. ही ओळ तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. म्हणून आधी वाचून घ्या. घाई केली गेली तर सहीशेजारी मराठीत ‘मजकूर समजावून सांगितलेला नाही’ असे लिहा. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या स्टँपवर सही अजिबात नको, ओळखीचा माणूस असला तरी.

आणि हो, फोनवर इंग्रजीचा मारा करणारा ‘अधिकारी’. ‘मनी लाँडरिंग’, ‘नॉन बेलेबल वॉरंट’, ‘डिजिटल अरेस्ट’ असे शब्द फेकून तो तुम्हाला तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवतो आणि पैसे मागतो. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

वकील परवडत नसेल तर

प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे, आणि तालुक्याला समितीचे कार्यालय असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन क्रमांक १५१००. जाताना कागदाबरोबर पाकीटही घेऊन जा. मुदत मोजायला त्यावरचा टपालाचा शिक्का लागतो आणि लोक नेमके तेच फेकून देतात.